विश्लेषण : इंटरनेट १९९५ला आले, हे अर्धसत्य! औरंगपुऱ्यातील जुन्या सॉफ्टवेअरचा हिशेब कोण ठेवणार?

शाळा सुरू होण्याच्या तोंडावर औरंगपुऱ्यात पाय ठेवायला जागा नसते. पुस्तकांच्या दुकानांसमोर पालकांची गर्दी, वह्यांचे गठ्ठे, काउंटरवर बारकोडचा ‘टिक’ आवाज, लगेच बिल आणि पाठोपाठ पैसे मिळाल्याची घोषणा करणारा छोटा स्पीकर. दोन मिनिटांत ग्राहक मोकळा. भाजी मंडईतही तेच चित्र. कोथिंबिरीच्या जुडीसाठीसुद्धा क्यूआर कोड.

आता याच शहरातल्या एखाद्या जुन्या पेढीच्या, पतसंस्थेच्या किंवा शाळेच्या कार्यालयातील मागच्या खोलीत डोकावून पाहा. तिथे कदाचित एक जुनाट पीसी सापडेल. निळा पडदा, पांढरी अक्षरे, माऊसचा पत्ता नाही आणि शेजारी करकर करणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. ‘याला हात लावू नका’ एवढीच त्याची देखभाल. त्यात पंचवीस-तीस वर्षांचे हिशेब असतात. ते सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस आता साठीच्या पुढे गेलेला असतो.

समोरचा काउंटर आणि मागची खोली यांना जोडणारी एक पिढी आहे. भारतात संगणकांची जाळी विणणारी आणि व्यापाराचे सॉफ्टवेअर लिहिणारी ही पहिली पिढी आता निवृत्त होत आहे. तिच्या कामाची नोंद आपण ठेवलेली नाही. हा प्रश्न केवळ जुन्या आठवणींचा नाही. तो तुमच्या-आमच्या नोंदींचा, पैशांचा आणि आजच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या करिअरचाही आहे.

भारतात इंटरनेट नेमके कधी आले?

स्पर्धा परीक्षेतले उत्तर ठरलेले आहे : १५ ऑगस्ट १९९५. विदेश संचार निगम लिमिटेडने त्या दिवशी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. उत्तर बरोबर आहे, पण ते ‘सर्वसामान्यांसाठी’ या शब्दापुरतेच.

त्याच्या नऊ वर्षे आधी, १९८६ मध्ये, ‘अर्नेट’ हा प्रकल्प सुरू झाला होता. केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांच्या मदतीने आठ संस्था जोडायचे ठरले. मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर आणि मद्रास येथील पाच आयआयटी, बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी म्हणजे एनसीएसटी आणि स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग.

या जाळ्याचे एक महत्त्वाचे केंद्र मुंबईत जुहूला होते. एनसीएसटीचे संस्थापक संचालक डॉ. श्रीनिवासन रमाणी हे अर्नेटच्या उभारणीतील प्रमुख नाव. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संगणकशास्त्रावर काम करून ते एनसीएसटीत आले आणि पुढे एचपी लॅब्स इंडियाचे संचालक झाले. २०१४ मध्ये त्यांचा ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला. आपल्या वेबसाइटच्या पत्त्याच्या शेवटी येणाऱ्या ‘डॉट इन’ची व्यवस्थाही सुरुवातीच्या काळात एनसीएसटीकडेच होती.

म्हणजे देशाच्या इंटरनेटचा पाया ज्या शहरांत घातला गेला, त्यात मुंबईचा मान मोठा आहे. तरी राज्यातल्या किती अभियांत्रिकी महाविद्यालयांत हे नाव सांगितले जाते, हा प्रश्न विचारून पाहावा.

तेव्हा ई-मेल जायचा कसा?

आज फोन सतत जोडलेला असतो. तेव्हा सतत जोडलेली लाइन ही चैन होती. त्यामुळे पोस्टमनसारखी पद्धत वापरली जाई. एक संगणक मोडेमवरून दुसऱ्या संगणकाला चक्क फोन लावायचा. साठलेली पत्रे द्यायचा, आलेली पत्रे घ्यायचा आणि फोन ठेवायचा. दुसरा संगणक तीच पत्रे पुढे तिसऱ्याला पोहोचवायचा. या पद्धतीला ‘यूयूसीपी’ म्हणत. परदेशी पत्रे ॲमस्टरडॅममधील एका संशोधन केंद्राच्या संगणकामार्फत जगभर जात.

फोनची लाइन खराब झाली की पत्र अडकले. मग लाइन पुन्हा लावणे आणि पत्र नेमके कुठे थांबले ते शोधणे, हेच नेटवर्क सांभाळणाऱ्याचे रोजचे काम. त्यात झगमगाट काहीच नव्हता. पण बिघाड कुठे आहे हे टप्प्याटप्प्याने शोधण्याची सवय याच कामातून लागली आणि नेटवर्किंगचा कणा आजही तीच सवय आहे.

हे फक्त शास्त्रज्ञांपुरते होते का?

नाही. व्यापारी सॉफ्टवेअरची वाट तर याआधीच सुरू झाली होती. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस मुंबईत १९६८ मध्ये सुरू झाली आणि वीज कंपनीतून आलेल्या फकीरचंद कोहली यांनी ती उभी केली. पाटणी कॉम्प्युटर्सने पुण्यात सुरुवातीला केले ते माहिती संगणकात भरण्याचे काम. याच कंपनीतून बाहेर पडलेल्या सात जणांनी १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिसची स्थापना केली.

सामान्य माणसाला संगणकाच्या जाळ्याचा पहिला फायदा कळला तो मात्र रेल्वेच्या खिडकीवर. १९८५ मध्ये नवी दिल्लीत संगणकीकृत आरक्षण सुरू झाले. सीएमसी या सरकारी कंपनीने ते सॉफ्टवेअर तयार केले होते. पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही केंद्रे झाली. पण सुरुवातीला ती एकमेकांपासून वेगळी होती.

याचा अर्थ आपल्या शहरासाठी काय होता? इथले रेल्वेस्थानक दक्षिण मध्य रेल्वेत, म्हणजे सिकंदराबादच्या अखत्यारीत. रोजचे जाणे-येणे मात्र मुंबईला. दुसऱ्या शहरातून परतीचे तिकीट हवे असेल तर खिडकीवरून तार जायची आणि उत्तर येईपर्यंत जागा मिळाली की नाही हे देवालाच ठाऊक. १९९९ मध्ये पाचही केंद्रे ‘कॉन्सर्ट’ या प्रणालीने एकमेकांना जोडली गेली आणि कुठूनही कुठलेही तिकीट काढता येऊ लागले. आज मोबाइलवर तिकीट काढताना आपण याच जोडणीचा लाभ घेतो.

बँकांचेही तसेच. १९८३ मध्ये कर्मचारी संघटनांशी करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रे दिसू लागली. ‘संगणक नोकऱ्या खाणार’ ही भीती तेव्हाही होती. आज एआयबद्दल ऐकू येणारी वाक्ये त्या काळातही ऐकू येत होती.

ही लाट तेव्हाच्या औरंगाबादेत कशी पोहोचली?

कारखान्यांच्या वाटेने. वाळूजमध्ये १९८५ मध्ये बजाज ऑटोचा प्रकल्प आला आणि सुटे भाग पुरवणाऱ्या लघुउद्योगांची संख्या वाढत गेली. १९८६ मध्ये केंद्राने ‘मोडव्हॅट’ ही अबकारी कराची नवी पद्धत आणली. कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळू लागली, पण त्यासाठी प्रत्येक चलन नोंदवणे आणि ‘आरजी-२३’ नोंदवही चोख ठेवणे भाग होते. पाच-पंचवीस कामगारांच्या वर्कशॉपलाही हा कागदी भार झेपेनासा झाला.

इथे स्थानिक प्रोग्रामरचा जन्म झाला. हातात डीबेस, क्लिपर किंवा फॉक्सप्रो. सोबतीला फ्लॉपीचा डबा आणि दुचाकी. सकाळी चिकलठाण्यातल्या वर्कशॉपचे चलन, दुपारी गुलमंडीवरच्या पेढीची खतावणी, संध्याकाळी पतसंस्थेचे व्याज. लेखापालाशेजारी बसून त्याची वही समजून घ्यायची आणि रात्री तीच वही कोडमध्ये उतरवायची, असे ते काम होते.

एका पीसीवरून तीन-चार पीसी झाले की ‘लॅन’ची वेळ यायची. नोव्हेल नेटवेअरचा सर्व्हर आणि डिश टीव्हीच्या वायरीसारखी दिसणारी कोअॅक्सिअल केबल. एका तुकड्याची लांबी जास्तीत जास्त १८५ मीटर. एका पीसीकडून दुसऱ्याकडे जाणारी एकच केबल आणि तिच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचे ‘टर्मिनेटर’. मधला एक जोड सैल झाला तरी सगळे पीसी बंद. झाडू मारताना केबलला धक्का लागला आणि अख्खे कार्यालय ठप्प झाले, असे प्रसंग त्या काळी नेहमीचे होते.

दोन कारकून, एक खाते : खरी अडचण कुठे होती?

केबल जोडणे सोपे होते. अवघड होते ते एकाच खात्यावर दोन माणसांना काम करू देणे.

समजा, पतसंस्थेच्या एका खात्यात १०,००० रुपये आहेत. एका खिडकीवर २,००० जमा होतात आणि त्याच क्षणी दुसऱ्या खिडकीवर ५०० काढले जातात. दोन्ही पीसींनी १०,००० ही शिल्लक वाचली. पहिल्याने १२,००० लिहिले. लगेच दुसऱ्याने त्यावर ९,५०० लिहिले. खरी शिल्लक ११,५०० हवी. २,००० रुपये हवेत गेले! चोरी नाही, चूक नाही, तरी पैसे गायब.

यावर उपाय म्हणजे ‘रेकॉर्ड लॉक’. एक जण खाते उघडून बसला की दुसऱ्याला थांबवायचे. पण पहिला खाते उघडे ठेवून चहाला गेला तर? वीज गेली तर? अर्धे लिहून झाल्यावर पीसी बंद पडला तर? प्रत्येक ‘तर’साठी कोड लिहावा लागे. आजच्या यूपीआय व्यवहारामागेही मूळ प्रश्न हाच आहे. फरक एवढाच की आज तो डेटाबेस सांभाळतो, तेव्हा तो प्रोग्रामरच्या डोक्यात असायचा.

एवढी वर्षे ही माणसे टिकली कशी?

भाषेच्या जोरावर नाही, धंदा समजल्यामुळे. जकातीचे नियम, १ जानेवारी २००० ला दोन आकडी वर्षाचा घोळ, १ एप्रिल २००५ ला व्हॅट, १ जुलै २०१७ ला जीएसटी. प्रत्येक वेळी सॉफ्टवेअर बदलले, काही वेळा प्रोग्रामिंगची भाषाही बदलली. पण ‘हा व्यापारी उधारी कशी मोजतो’ हे ज्ञान तेच राहिले.

पुण्यातल्या कैलास काटकरांचे उदाहरण याच जातीचे. कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात, मग स्वतःचे दुरुस्तीचे दुकान. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडू लागले, तेव्हा धाकटे बंधू संजय यांनी त्यावर उतारा लिहिला. नव्वदच्या दशकाच्या मध्याला ‘क्विक हील’ बाजारात आले आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. कल्पना कुठल्या प्रयोगशाळेत सुचली नाही. ग्राहकाने टेबलावर आणून ठेवलेल्या बंद मशिनमध्ये ती सापडली.

मग आज अडचण काय आहे?

तीन अडचणी एकाच वेळी आल्या आहेत.

पहिली, यंत्राची. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये फॉक्सप्रो बनवणारी कंपनी विकत घेतली, २००७ मध्ये पुढची आवृत्ती येणार नसल्याचे जाहीर केले आणि जानेवारी २०१५ मध्ये उरलेला सपोर्टही संपवला. डॉसवरचे जुने प्रोग्राम ३२ बिट विंडोजवर कसेबसे चालत होते. विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे, त्यावर ते थेट चालत नाहीत. विंडोज १०चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. मागच्या खोलीतल्या त्या पीसीची मुदत भरली आहे, असाच याचा अर्थ.

दुसरी, भाषेची. सर्वांचा मराठी मजकूर युनिकोडमध्ये येण्याआधी कंपनीगणिक फॉन्टची सांकेतिक रचना वेगळी होती. पडद्यावर ‘क’ दिसतो, पण फाइलमध्ये इंग्रजी चिन्ह साठलेले असते. फॉन्ट हरवला की सभासदांची नावे म्हणजे निव्वळ चिन्हांचा कचरा. सीडॅकच्या जिस्टसारख्या ‘इस्की’ प्रमाणावर चाललेल्या प्रणालींतला मजकूर तुलनेने सहज वाचवता येतो. बाकीच्या मजकुरासाठी फॉन्ट कोणता होता हे कोणीतरी सांगावे लागते.

तिसरी आणि सर्वांत गंभीर, माणसाची. डीबेस आणि फॉक्सप्रोच्या तक्त्यात रकान्याचे नाव दहा अक्षरांपेक्षा मोठे ठेवता येत नसे. त्यामुळे नावे तुटक. ‘शिल्लक समायोजन दोन’ असा काहीतरी अर्थ असलेला रकाना का निर्माण केला, तो कुठल्या वर्षीच्या कुठल्या तडजोडीसाठी होता, हे फाइल सांगत नाही. ते लिहिणाराच सांगू शकतो.

जुने सॉफ्टवेअर टाकून नवे घ्यावे, यात चूक काय?

यात काहीच चूक नाही. उलट ते केलेच पाहिजे. सपोर्ट संपलेल्या यंत्रावर लोकांचे पैसे सांभाळणे हा अभिमानाचा विषय नाही, तो धोका आहे. ‘तीस वर्षे चालतेय, अजून तीस चालेल’ हा युक्तिवाद हार्ड डिस्कला मान्य नसतो.

पण नवे घेताना बहुतेक ठिकाणी फक्त ‘ओपनिंग बॅलन्स’ पुढे नेला जातो आणि मागचा इतिहास जुन्या पीसीसोबत भंगारात जातो. कायद्याने जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने आणि कंपन्यांनी हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे ठेवायची असतात. व्यवहारात गरज त्याहून लांबची असते. वीस वर्षांपूर्वीच्या ठेवीचा वारस आज येतो. शाळा सोडल्याचा दाखला तीस वर्षांनी लागतो. तेव्हा ‘जुन्या सिस्टीममध्ये होते’ हे उत्तर चालत नाही.

‘एआय वाचेल की जुना कोड’ असेही म्हटले जाते. कोड कसा चालतो हे एआय बऱ्यापैकी सांगेल. तो तसा का लिहिला, हे कोडमध्ये नसेल तर एआयलाही कळणार नाही. त्या ‘का’चे उत्तर अजून आपल्या शहरात, चालत जाऊन भेटता येईल अशा अंतरावर आहे. ते कायम राहणार नाही.

आता करायचे काय?

व्यापारी आणि संस्थांसाठी :

- जुना पीसी बंद पडण्याआधी त्यातली संपूर्ण माहिती दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून घ्या. फक्त ‘डीबीएफ’ फाइल पुरेशी नाही. सोबतच्या ‘एफपीटी’ किंवा ‘डीबीटी’ फाइलमध्ये शेरे असतात, त्याही घ्या.
- डीबीएफ फाइल लिबरऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडते. ती एकदा उघडून पाहा आणि छापील खतावणीशी पाच-दहा नोंदी ताडून पाहा. न तपासलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे.
- मराठी मजकूर असेल तर फॉन्टची फाइलही जपा.
- नवे सॉफ्टवेअर घेताना पहिला प्रश्न किमतीचा नको. ‘उद्या तुम्हाला सोडायचे ठरवले तर माझी सगळी माहिती कोणत्या स्वरूपात मिळेल?’ हा विचारा आणि उत्तर लेखी घ्या.
- सॉफ्टवेअर एखाद्याकडून लिहून घेत असाल तर सोर्स कोड कोणाचा, हे करारातच ठरवा. तोंडी व्यवहारातून पुढे वाद होतात.

प्रोग्रामर मंडळींसाठी : प्रत्येक जुन्या ग्राहकासाठी दोन पानी टिपण लिहून ठेवा. कुठल्या तक्त्यात काय आहे, कुठला नियम कोणत्या कारणाने टाकला, एवढे पुरे. ते मराठीत लिहिले तरी चालेल.

महाविद्यालयांसाठी : शहरात आणि आसपास अभियांत्रिकी व संगणकशास्त्राची शिक्षणसंस्था भरपूर आहेत. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात त्याच त्या हजेरीच्या आणि ग्रंथालयाच्या प्रणाली फिरत असतात. त्याऐवजी एका गटाने एका जुन्या संस्थेची माहिती वाचवावी, ती युनिकोडमध्ये आणावी आणि मूळ प्रोग्रामरची मुलाखत ध्वनिमुद्रित करावी. खर्च जवळजवळ शून्य. विद्यार्थ्याला खरा, अस्ताव्यस्त डेटा हाताळायला मिळेल, संस्थेला तिच्या नोंदी आणि शहराला स्वतःचा तांत्रिक इतिहास.

तरुणांनी यातून काय घ्यावे?

आज कॅम्पस मुलाखतीला जाणारा मुलगा किंवा मुलगी ‘कोणती भाषा शिकू?’ असे विचारते. डीबेस गेले, क्लिपर गेले, नेटवेअर गेले, कोअॅक्सिअल केबल गेली. त्यावर काम करणारी कित्येक माणसे मात्र तीस-चाळीस वर्षे कामात राहिली. कारण बिघाड टप्प्याटप्प्याने शोधणे, दोन माणसांच्या एकाच खात्याचा पेच सोडवणे आणि समोरच्याची वही वाचता येणे ही कौशल्ये कुठल्या आवृत्तीसोबत कालबाह्य होत नाहीत.

इतिहास जुहूच्या केंद्राचा लिहिला गेला, कारण तिथे शोधनिबंध होते, अहवाल होते. औरंगपुरा, गुलमंडी, चिकलठाणा आणि वाळूज इथल्या कामाचा अहवाल कोणी लिहिला नाही. तो त्या मागच्या खोलीतल्या पीसीत आणि दोन-चारशे माणसांच्या आठवणीत असेल. पीसी कधीही बंद पडू शकतो. त्यामुळे या आठवड्यात एक काम करता येईल : तो पीसी सुरू करून बॅकअप घ्या आणि ज्यांनी ते सॉफ्टवेअर लिहिले त्यांना एक फोन लावा.